पूर्वेचा दरवाजा

आमच्या चिकलठाण्याहून शहरात जाताना आज एकही दरवाजा लागत नाही. विमानतळाच्या भिंतीकडेने निघायचे आणि मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका असे एकेक थांबे मागे टाकत क्रांती चौक गाठायचा. काही वर्षांपूर्वी पुण्याकडचे आमचे व्याही घरी उतरले होते. त्यांना रिक्षाने स्टेशनवर सोडायला निघालो, तर सेव्हन हिलच्या पुलावर ते म्हणाले, "तुमचं शहर बावन्न दरवाजांचं म्हणतात ना? अर्धं शहर ओलांडलं, एकही दिसला नाही."

मी म्हणालो, "ते जुन्या शहरात आहेत."

"मग हा जालना रोड जुन्या शहरात कोणत्या दरवाजातून शिरतो?"

मला उत्तर देता आले नाही. माझा जन्म चिकलठाण्यातला. इथल्याच औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे पाळ्या केल्या. सुट्टीच्या दिवशी वही आणि पाण्याची बाटली घेऊन दरवाजे पाहत हिंडायचा नाद त्याआधीपासूनचा. तरीही आपल्याच दाराशी असलेल्या रस्त्याचा दरवाजा कोणता, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हा लेख त्या प्रश्नाचा पाठलाग आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे वाचले ते ग्रंथालयात बसून आणि जे पाहिले ते पायी फिरून. शहराची नावे त्या त्या काळी जी होती तीच इथे वापरली आहेत : मलिक अंबरची खडकी, औरंगजेबाचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

बावन्नचा आकडा

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. पहिल्या वहीत मी एक ते बावन्न असे आकडे आधीच घालून ठेवले होते, समोर एकेक नाव भरत जायचे होते. वीस-बावीस नावे सहज भरली, पुढे रखडलो. मग पुस्तकात सापडलेले प्रत्येक नाव वेगळा दरवाजा समजून उतरवू लागलो. त्या यादीवर एका छोट्या साप्ताहिकात लेखही लिहिला. आठ दिवसांत एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले : 'आपण मक्का दरवाजा आणि मकाई दरवाजा वेगवेगळे मोजले आहेत. तो एकच आहे.' त्यांचे म्हणणे बरोबर होते. मक्केच्या दिशेचा तो मक्काई, आणि लोकांच्या तोंडी मकाई. लहानपणी आम्ही मात्र तिथे कधीकाळी मक्याचा बाजार भरत असेल असेच समजत होतो.

त्या पोस्टकार्डानंतर मी बावन्नचा हट्ट सोडला. आपल्या भाषेत बावन्न हा नुसता आकडा नाही. सोने बावन्नकशी असते, वीर बावन्न असतात. 'भरपूर आणि भरलेले' असे सांगायचे असले की लोक बावन्न म्हणतात. या शहराच्या बाबतीतही दरवाजे बावन्न आणि पुरेही बावन्न असे सांगितले जाते. प्रत्यक्षात शहराच्या मुख्य तटाला चार मोठे आणि नऊ लहान असे तेरा दरवाजे धरले जातात. बाकीचे आतले आणि बाहेरचे. किल्ले अर्कच्या आवाराचे रंगीन, काला, नौबत हे दरवाजे वेगळे. बेगमपुऱ्यासारख्या पुऱ्यांना स्वतःचा कोट होता, त्यांचे दरवाजे वेगळे. एका शहरात अनेक वस्त्या, आणि प्रत्येक वस्तीला रात्री बंद होणारे आपापले दार, असे ते चित्र होते.

म्हणून दरवाजे किती हे विचारण्यापेक्षा कोणता दरवाजा कशासाठी बांधला हे विचारणे मला उपयोगाचे वाटू लागले. सगळ्या दरवाजांचे काम एक नव्हते. माझ्या मते या शहरातल्या दरवाजांची कामे तीन : मिरवणे, अडवणे आणि वाट सांगणे.

मिरवणारा दरवाजा

पहिल्या प्रकारचा ठळक नमुना म्हणजे भडकल दरवाजा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावाला राजधानीचे रूप दिले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस दख्खनचा सर्वांत कर्तबगार कारभारी ठरला. जमिनीची मोजणी, सारा, खापरी नळांतून शहरात पाणी आणणारी नहर, या सगळ्यांत त्याचे डोके दिसते. १६१२ च्या सुमारास मोगलांच्या फौजेला त्याने माघार घ्यायला लावली. त्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला, असे मानले जाते.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आज आपण ज्याला शहराचा तट म्हणतो तो १६१२ मध्ये नव्हता. तो सत्तर वर्षांनी आला. म्हणजे भडकल उभारला तेव्हा त्याचे पहिले काम तटातली फट बंद करण्याचे नव्हते. त्याची उंची, जाडी, कमानीचा आवाका आणि आतले घुमटाकार छत पाहा. इतका थाट शत्रूला अडवण्यासाठी लागत नाही. तो पाहणाऱ्यासाठी असतो. खालून जाणाऱ्या माणसाला आपण एका जिंकलेल्या धन्याच्या शहरात शिरतो आहोत, हे न बोलता सांगण्यासाठी.

अशा दरवाजांची मोठी परंपरा जगात आहे आणि तिचा एक धागा आपल्या जवळच, जुन्या गोव्यात आहे. मांडवीच्या धक्क्यावर उतरले की समोर व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय होता, तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ती आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. लिस्बनहून येणारा नवा व्हाइसरॉय या कमानीखालून समारंभाने शहरात शिरे. पुढे ती ढासळली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. आज व्हाइसरॉय नाहीत. दिवाडी बेटावर जाणारे लोक फेरीबोट पकडायला तिच्याखालून जातात.

युरोपात सतराव्या शतकात ही मिरवण्याची कला शिगेला पोचली. त्या काळच्या शैलीला 'बरोक' म्हणतात. वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले असे सांगतात. सरळ, शांत रचनेऐवजी उठाव, सावल्या, वळसे, पुतळे. इमारत जणू रंगमंच आहे आणि समोर काहीतरी घडणार आहे असा भास. रोमच्या उत्तर वेशीवरचा पोर्ता देल पोपोलो हा दरवाजा याचे चांगले उदाहरण. स्वीडनची राणी क्रिस्तिना राज्य सोडून, धर्मांतर करून १६५५ मध्ये रोमला आली. तिच्या स्वागतासाठी पोप सातवा अलेक्झांडर याने बेर्निनी या शिल्पकाराकडून या दरवाजाची आतली बाजू नव्याने सजवून घेतली. तिचे येणे शुभ होवो अशा अर्थाचा लॅटिन लेखही त्यावर कोरला. बाहेरची बाजू जुनीच राहिली.

या दरवाजांची शैली भडकलची नाही. भडकलवर पुतळे नाहीत, वळसे नाहीत. पण जात एकच. या दरवाजांना कवाडांपेक्षा प्रेक्षक महत्त्वाचे.

भडकलची गंमत अशी, की ज्या विजयासाठी तो उभारला तो फार टिकला नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला मलिक अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकीत शिरून शहराची नासधूस केली. विजयाचा दरवाजा चार वर्षांचा होता आणि शहरात आले ते हरलेले लोक. रोषणगाव ते खडकी म्हणजे आमच्याच पूर्वेच्या अंगाने. तो सैन्याचा रस्ता आजच्या जालना रोडपासून फार लांब नसावा, असा माझा तर्क आहे. पुढे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याचा मुलगा फतहखान याने खडकीचे फतेहनगर केले. दहा वर्षांत निजामशाही संपली. दरवाजा मात्र उभाच आहे.

आज भडकलजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे जी गर्दी होते ती पाहिल्याशिवाय हा दरवाजा समजत नाही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने बांधलेल्या दरवाजापाशी लोक आज कोणाच्या नावाने जमतात, यावर मी अधिक काही लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की मिरवणुकीसाठी बांधलेल्या दरवाजाला चारशे वर्षांनी पुन्हा मिरवणूक मिळाली आहे.

अडवणारे दरवाजे

शहराचा तट आला तो १६८२ मध्ये. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेबाने या शहराला आपले नाव दिले, पण त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे या मोठ्या शहराला पुरता तट नव्हता. तो का लागला हे तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कळते. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर छापा घातला. मोगलांचे दख्खनमधले हे सर्वांत श्रीमंत बाजारपेठेचे शहर. त्याच वर्षी औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. वर्ष संपायच्या आत बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला आणि मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत. शहराभोवती तट बांधण्याचे काम त्याच वर्षीचे.

तट होता कसा? जुन्या गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे की उत्तरेला आणि पश्चिमेला काही ठिकाणी त्याची उंची चौदा फुटांपेक्षा जास्त नव्हती. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले. जवळच दौलताबादसारखा किल्ला असताना बादशहाच्या शहराला चौदा फुटांची भिंत? पण विचार करत गेलो तसे उत्तर सुचले. हा तट तोफा लावून महिनोन्महिने चालणाऱ्या वेढ्यासाठी बांधला नसावा. मराठ्यांच्या छाप्याची ताकद वेगात होती. घोडेस्वार अचानक यायचे, पेठ लुटायचे आणि फौज जमायच्या आत निघून जायचे. घोड्याला चौदा फूट पुरेसे आहेत. भिंत ओलांडता येत नाही म्हटल्यावर उरतो तो दरवाजा. सगळे राखण तिथेच एकवटले.

म्हणून या दरवाजांची बांधणी भडकलपेक्षा वेगळी आहे. दिल्ली दरवाजा किंवा पैठण दरवाजा नीट पाहा. दोन्ही बाजूंना बुरूज, वर चर्या, चर्यांखाली बंदुकीसाठी जंग्या, टोकदार कमान आणि आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. कवाडे जाड फळ्यांची, त्यांना आडव्या लोखंडी पट्ट्या आणि हत्तीला धडक देता येऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला टोकदार खिळे. आतून अडसर. एका कवाडात एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. दिवेलागणीनंतर मोठी कवाडे बंद आणि दिंडीतून ओळख पटवून एकेकाला आत घ्यायचे. आमच्याकडच्या बहुतेक दरवाजांची मूळ कवाडे आता नाहीत. खिळ्यांची कवाडे पाहायची तर पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा.

आता याच वर्षांत पॅरिसमध्ये काय चालले होते ते पाहू, कारण त्या तुलनेने मला हा तट खऱ्या अर्थाने समजला. औरंगजेबाचा समकालीन असलेल्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसचा जुना तट पाडायला सुरुवात केली. आपल्या सरहद्दी इतक्या पक्क्या झाल्या आहेत की राजधानीला भिंतीची गरज नाही, असा त्याचा विश्वास. तटाच्या जागी झाडांच्या रांगा असलेले रुंद रस्ते आले. जुन्या वेशीच्या ठिकाणी १६७२ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँदेल या वास्तुविशारदाने पोर्त सँ-दनी ही प्रचंड कमान उभी केली. राजाच्या ऱ्हाइनवरच्या विजयाची शिल्पे तिच्यावर आहेत. नाव दरवाजाचे, पण दोन्ही बाजूंना भिंतच नाही. बंद करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दहा वर्षांच्या अंतराने एक राजा तट पाडत होता आणि दुसरा बांधत होता. दोघांचीही साम्राज्ये अफाट. फरक एवढाच की इथल्या बादशहाला शहराच्या वेशीपर्यंत घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. दख्खन जिंकायला निघालेल्या औरंगजेबाने मोहिमेच्या आरंभीच स्वतःच्या शहराला भिंत घातली. मराठ्यांच्या पराक्रमाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो, पण त्या पराक्रमाचा इतका ठोस, दगडचुन्यातला पुरावा दुसरा क्वचितच असेल. २०२३ मध्ये शहराला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले. ज्यांच्या फौजेच्या धास्तीने हा तट उभा राहिला, त्यांचेच नाव आज तटाच्या आतल्या आणि बाहेरच्या वस्तीला आहे. त्यामुळे हे दरवाजे 'त्यांचे' म्हणून दुर्लक्षावेत, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो : या दगडांत बांधणाऱ्याइतकाच ज्याच्यामुळे बांधावे लागले त्याचाही इतिहास आहे.

वाट सांगणारी नावे

चार मोठ्या दरवाजांची नावे एका ओळीत ठेवू. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का, पूर्वेला जालना. यातले एकही नाव या शहराचे नाही. दरवाजाचे नाव आत उभे राहून, बाहेर बघून ठेवलेले असते. या दाराने निघालात तर कुठे पोचाल, हे ते सांगते. दिल्लीतल्या शाहजहानाबादला लाहोरी, काश्मिरी, अजमेरी दरवाजे आहेत ते याच न्यायाने. बाजीरावांनी शनिवारवाड्याच्या उत्तरेच्या दाराला दिल्लीचे नाव दिले तेही असेच.

ही चार नावे म्हणजे त्या काळच्या शहराच्या नजरेचा नकाशा आहे. दिल्ली दरवाज्यातून बादशाही हुकूम येत. मक्का दरवाज्याच्या वाटेने दौलताबाद, खुलदाबाद आणि पुढे सुरतेच्या बंदराकडे. हजची गलबते सुरतेहून सुटत. पैठण दरवाजा गोदावरीकाठच्या त्या जुन्या नगरीकडे बघतो. पैठणी, एकनाथ महाराज आणि षष्ठीची वारी यांची ती दिशा. सत्ता, धर्मयात्रा, तीर्थ आणि व्यापार अशा चारही गोष्टी चार दारांत आल्या. जालन्याचे नाव पेठेसाठीच. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे अजून म्हातारी माणसे म्हणतात.

आपल्या गावांना वेस असते, वेशीजवळ मारुती असतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून वेशीतून परत यायचे असते. अब्रू टांगली जाते तीही वेशीवरच. पण वेशीला आपण सहसा गावाचे नाव देतो. शहराच्या दरवाजाने मात्र दुसऱ्या गावाचे नाव मिरवायचे असते. आमच्या चिकलठाण्यासारखी वाटेवरची गावे या हिशेबात नसतात. आम्ही जालन्याच्या वाटेवरचे, एवढीच आमची ओळख.

तीन नशिबे

तट आज जवळजवळ गेला. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली तेव्हापासून शहराची रया उतरत गेली आणि तटाचे राखण करायचे कारणही उरले नाही. पुढे शहर वाढले तसा तट रस्त्यांत, घरांत, पायांत गेला. दरवाजे त्यामानाने टिकले. त्यांची नशिबे मात्र तीन झाली.

पहिले नशीब बेटाचे. भडकल, दिल्ली आणि पैठण या दरवाजांच्या दोन्ही बाजूंनी वाहतूक वळवली. दगडाला धक्का लागत नाही, पण कमानीखालून जायचे कारणही उरत नाही. पैठण गेटला रोज हजारो लोक खरेदीला येतात. त्यांतले किती जण मान वर करून कमान पाहतात, हे मी एका संध्याकाळी उभे राहून पाहिले आहे. उत्तर सांगण्यासारखे नाही.

दुसरे नशीब राबणाऱ्याचे. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे खाम नदीवरच्या पुलांच्या तोंडाशी आहेत. बाजूला जागा नाही, कारण खाली नदी आहे. त्यामुळे सतराव्या शतकात घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांसाठी मापलेल्या कमानीखालून आमच्या काळात स्कूलबस, टेम्पो आणि पाण्याचे टँकर गेले आहेत. मकाईकडून बेगमपुरा, विद्यापीठ आणि बिबीचा मकबरा, महमूदकडून पाणचक्की, बारापुल्ल्याकडून छावणी. कमानीच्या आतल्या अंगाला हात लावून पाहा. हातभर उंचीपासून डोक्याच्या वरपर्यंत दगड खरचटलेला सापडेल.

अशा दरवाजांना वरून सिमेंट लिंपले की मजबूत होते, असा आपला समज असतो. उलट आहे. जुने बांधकाम दगड, वीट आणि चुन्याचे. चुना सावकाश वाळतो, हवेतला कार्बन वायू घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर ती ओल कोंडतो. मग आतला चुना भुसभुशीत होतो आणि वरचा कडक पापुद्रा मोठे तुकडे घेऊन सुटतो. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली आणि बऱ्याच वर्षांनी कमानींचा मूळ आकार उजेडात आला. हे काम चांगले झाले. पण खालून रोजचे धक्के चालूच राहिले तर वरचा चुना किती दिवस पुरेल? राबणाऱ्या दरवाजांना खरा आधार शेजारच्या पुलाचा आहे. अवजड वाहने नव्या पुलावरून आणि पायी माणसे, सायकली कमानीतून, अशी वाटणी झाली तर दरवाजा वाचेल आणि बेटही होणार नाही.

तिसरे नशीब नाहीसे होण्याचे. इथे मी माझ्या व्याह्यांच्या प्रश्नापाशी परत येतो. चार दिशांच्या चार मोठ्या दरवाजांपैकी दिल्ली उभा आहे, पैठण उभा आहे, मकाई उभा आहे. जालना दरवाजा नाही. जुन्या शहरात शिरणारी आमची वाट ज्या दारातून जात होती, नेमके तेच दार गेले.

आणि गंमत अशी की नाव गेले नाही. ते रस्त्याने घेतले. आजचा जालना रोड जुन्या शहरात जातच नाही. तटाच्या दक्षिणेकडून, पैठण गेटच्याही बाहेरून तो क्रांती चौकाकडे निघून जातो. म्हणूनच माझ्या व्याह्यांना अर्धे शहर ओलांडून एकही दरवाजा दिसला नाही. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की हा रस्ता कोणत्याच दरवाजातून आत जात नाही. आणि ज्या दरवाजाचे नाव तो लावतो तो दरवाजा उरलेला नाही.

एका दगडापुरते

नाहीशा झालेल्या दरवाजाचे काय करायचे असते? लंडनमध्ये टेम्पल बार नावाचा शहराचा दरवाजा होता. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर काही वर्षांत तो नव्याने बांधला गेला आणि ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाची ती रचना मानली जाते. रस्ता अरुंद, गाड्यांची गर्दी वाढलेली. शेवटी १८७८ मध्ये तो उतरवला. पण फोडला नाही, एकेक दगड सुटा करून ठेवला. पुढे एका बीअर कारखानदाराच्या घरच्यांनी ते दगड विकत घेतले आणि शहराबाहेरच्या आपल्या बागेत दरवाजा पुन्हा उभा केला. तिथून तो २००४ मध्ये लंडनला परत आला आणि सेंट पॉलच्या चर्चजवळच्या चौकात उभा राहिला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मधली गोष्ट. मूळ जागी, भर रस्त्यात, १८८० मध्येच एक स्मारकस्तंभ बसवला होता. दरवाजा नसलेल्या सव्वाशे वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत राहिला की इथे दार होते.

जालना दरवाजाचे दगड आता परत येणार नाहीत. तो पुन्हा बांधावा असेही मी म्हणत नाही. नवा बांधला तर तो नाटकातला पडदा होईल. पण जुन्या नकाशांवरून जागा ठरवून तिथे एक साधा दगड बसवता येईल. त्यावर चार ओळी : इथे पूर्वेचा दरवाजा होता, त्याला जालन्याचे नाव होते, तो १६८२ च्या तटाचा होता, आणि तो तट कशासाठी बांधला गेला. या कामाला फार पैसा लागत नाही. लागते ती आठवण, आणि ती ठेवणारी माणसे आता कमी होत चालली आहेत.

माझे वडील ज्वारीची पोती घेऊन बैलगाडीने मोंढ्यात जायचे. पहाटे तीनला गाडी जुंपायची. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या काळ्या रानाच्या चिखलात चाके रुतायची, मग दोघे-तिघे गाडीवान एकमेकांची गाडी ढकलायचे. उजाडता उजाडता जाफर गेट दिसले की ते मला उठवायचे आणि म्हणायचे, "ऊठ, शहर आलं." मी सहा-सात वर्षांचा असेन. शहर म्हणजे काय हे मला त्या कमानीमुळे कळले. अलीकडे घरे आणि अलीकडे रस्ते आधीपासून होतेच. पण कमान दिसेपर्यंत ते शहर नव्हते. आता धान्याचा व्यवहार जाधववाडीला गेला आहे. जाफर गेटच्या आसपास रविवारी बाजार भरतो, त्यात जुने स्पॅनर, पान्हे, पंख्याच्या मोटारी मिळतात. कारखान्यात असताना मीही तिथून हत्यारे घेतली आहेत.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन तिथे गेलो होतो. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. कमानीखाली आल्यावर आत गार वाटले तसे त्याने मान वर केली आणि विचारले, "आजोबा, हे काय आहे?" आम्ही देवडीच्या ओट्यावर बसलो आणि मी त्याला सांगायला लागलो. सुरुवात अर्थातच जाफर गेटपासून केली नाही, नसलेल्या जालना दरवाजापासून केली.